भाचीनं बापाचीच शिवी रिंगटोन लावली, तिला शिक्षा करायची काय?

प्रश्न : ताई, आम्ही निपाणीकडचे. माझी भाची, म्हणजे दादाची मुलगी, पाचवीत आहे आणि लई हुशार. मराठी शाळेत जाते, कन्नड पण फाडफाड बोलते, पण घरात कौतुक शून्य. दादा-वहिनी उठता बसता, पाहुण्यांसमोर पण, 'ए म्हशी, डोक्यात शेण भरलंय काय' म्हणतात, वाचत बसली की पुस्तक हिसकावून धाकट्याला सांभाळायला लावतात. यंदा गणपतीत आरतीला सगळी गल्ली जमलेली आणि दादाचा मोबाईल वाजला तर रिंगटोन म्हणून त्याच्याच आवाजात तीच शिवी! पोरीनं गुपचूप रेकॉर्ड करून लावलेली. सगळे हसले, दादा तापलाय, म्हणतोय हिला हॉस्टेललाच टाकतो. वहिनी तिच्याशी बोलणं बंद. मी काय करू?

उत्तर : शिक्षा अजिबात नको. पोरीनं मनानं काही रचलं नाही ओ, जे ती रोज ऐकते तेच एकदा चारचौघांत ऐकवलं, आणि दादाला एकदा ऐकून एवढी लाज वाटली तर तिला रोज काय होत असेल ते बघा की. हॉस्टेल वाईट नसतं, पण शिक्षा म्हणून पाठवलं तर ती एवढंच समजणार की आपण घरात नकोय.

तुम्ही आत्या आहात, तुमचा शब्द दादा ऐकेल. त्याला एकट्याला गाठा, वहिनी आणि पोरगी समोर नकोत, आणि रिंगटोनचा विषय काढूच नका, तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय काय बघितलंय तेवढंच सांगा. वहिनीशी नंतर वेगळं बोला, तिच्यावर पण घरात कुणाचा तरी राग निघत असेल, तेही विचारा.

पोरीला मात्र आजच जवळ घेऊन सांगा की तू ढ नाहीस. हे पण सांगा की अशी खोडी परत करू नको, तू चुकलीस म्हणून नाही, चिडलेल्या माणसाचा हात उठतो म्हणून, त्यापेक्षा आधी मला फोन कर. दसऱ्याच्या सुट्टीत तिला तुमच्याकडे आणा, वाचनालयाची मेंबर करा, भरपूर वाचू दे.

आणि मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं असलं काही दिसलं तर घरातलं प्रकरण म्हणून गप्प बसू नका. १०९८ ही चाइल्डलाइन, चोवीस तास चालू, फोन फुकट. मुलाला विनाकारण मानसिक त्रास देणं सुद्धा २०१५ च्या बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, आईबापांनी दिला तरी.