आहे ते जगव

पोरी,

तुझा मेसेज रात्री तीनदा वाचला. कंत्राट मार्चमध्ये संपतंय, बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही, बंगळूरच्या नोकरीचं काही कळत नाही, आणि त्यात ग्रुपनं जूनमध्ये टेकडीवर पाचशे रोपं लावायचं काढलंय. ‘काका, काय सोडू?’ विचारतेस. टेकडी सोड. नवं लावू नकोस, आहे ते जगव.

गल्लीतली अकरा झाडं आधी बघ. ठेकेदारानं पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेत. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे तुला काय सांगायचं! झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असं हरित लवादानं दिल्लीला 2013 मध्येच बजावलं होतं. कोपऱ्यावरच्या कडुनिंबाला लहानपणी घातलेली लोखंडी जाळी कुणी काढलीच नाही. तिची कडी सालीत बोटभर रुतलीय. वर पालवी हिरवी, म्हणून खाली वाकून कुणी बघत नाही.

आपल्याकडे 1975 चा झाडांचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनं त्यात आलं की झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची आणि सात वर्षं जपायची. साठ वर्षांच्या झाडापायी साठ रोपं! लावताना फोटोला गर्दी होते. पहिल्या एप्रिलमध्ये बादली घेऊन कोण जातं, सांग. म्हणून म्हणतो, आहे ते जगव.

मी ते केलं नाही. वीस वर्षं दर रविवारी टेकडीवर होतो. आई शेवटच्या वर्षी म्हणायची, मला पारावर नेऊन बसव रे थोडा वेळ. घरापासून पार पन्नास पावलांवर. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. मी काही मजा मारायला जात नव्हतो, खड्डे खणत होतो, पाणी वाहत होतो. त्यातली बरीच झाडं आज उभी आहेत, मला त्याची लाज नाही. पण आईला पारावर नेलं नाही ते नाहीच नेलं.

तेव्हा बंगळूरचा घोर आत्ता करू नकोस, बोलावणं आलं की बघू. बाबांच्या हाताचा व्यायाम रोज, ठरल्या वेळी. ते चिडतील, चेंडू फेकतील. उचलून परत हातात दे. लहान झाडांना आठवड्यातून दोनदा, उन्हं उतरल्यावर, दोन-दोन बादल्या. कंटाळा येईल. येऊ दे. आहे ते जगव गं, एवढंच मागतोय.

शनिवारी सकाळी सातला येतो. पहार माझ्याकडे आहे, जाळी कापायला हॅक्सॉ ब्लेड तू आण. बाबांची खुर्ची पारापर्यंत आणता आली तर आण. तिथं दहापर्यंत सावली असते.

– काका