चिऊ, आजीच्या कोठ्या आणि तुझ्या दोन फळ्या

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज वाचला. तू विचारलंयस की "बाबा, मंगळवेढ्याला आजी वर्षाची ज्वारी आणि गहू एकदम का भरून ठेवायची, दुकान तर गल्लीच्या तोंडाशी होतं? आणि मी इथे अमेरिकेत माझ्या स्टायपेंडमध्ये तसं काही करू शकते का, की ते फक्त शेती असणाऱ्यांचं काम?" आणि खाली लिहिलंयस की रूममेट म्हणते हे तर त्या प्रेपर लोकांसारखं झालं, जगबुडी येणार म्हणून तळघर भरणाऱ्यांसारखं. फोनवर हे अर्धवट राहिलं असतं म्हणून लिहूनच काढतोय, जरा लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

आधी आजीचं. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार, आख्ख्या महाराष्ट्रात तसंच म्हणतात, तिथल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. ती ज्वारी रब्बीची, काळ्या जमिनीत पावसाच्या ओलीवर येणारी, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. तूर त्याच्या थोडी आधी, गहू पाडव्याच्या आगेमागे बाजारात. म्हणजे उन्हाळा सुरू होताना माल सगळ्यात ताजा, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात स्वस्त असतो, आणि ऊनही कडक असतं, म्हणजे वाळवायला वेगळा खर्च नाही. जूनपासून पाऊस, मग सणवार, आणि तेव्हा तेच धान्य महाग आणि ओलसर. त्यामुळे मार्च ते मे या तीन महिन्यांत वर्षाचं भरून घेणं हा सरळ हिशोब होता. तिखट, हळद, चिंच, कुरडया, सांडगे, शेवया सगळं त्याच उन्हात. जगबुडीचा इथे काही संबंध नाही हे रूममेटला सांग.

आता ते भरायचं कसं ते ऐक, कारण तुझ्या कामाचं खरं तिथेच आहे. गहू आणला की माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, जुन्या साड्या अंथरून त्यावर पसरायचा, पायाने रेघा ओढत फिरवायचा. वाळला की नाही हे आजी दाण्यावरून बघायची, दाणा दाताखाली धरायचा, कट् असा आवाज झाला तर झाला, दबला तर अजून एक ऊन. आणि वाळलेला गहू लगेच कोठीत नाही भरायचा, रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यायचा, कारण गरम धान्य पत्र्याच्या कोठीत कोंडलं की आतून घाम धरतं आणि मग बुरशी. त्यानंतर हाताला एरंडेल लावून गहू चोळायचे, मग कोठीत. त्या कोठीला खाली एक झडप असायची, आठवतंय? तू लहानपणी ती वर करून गहू सांडायचीस. वरून भरायचं आणि खालून काढायचं, म्हणजे जुनं आपोआप आधी संपतं. सुपरमार्केटवाले आज जुना माल पुढे आणि नवा मागे लावतात ना, तेच काम ती झडप करत होती.

त्याच्याही आधी पेव होतं. मी स्वतः धान्याने भरलेलं पेव नाही बघितलं पण आजोबांकडून ऐकलंय. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या, मातीत खोल खड्डा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आतून कडब्याचा थर, त्यात ज्वारी भरून तोंड मातीने लिंपून बंद. आतली थोडीशी हवा धान्य आणि किडेच वापरून टाकतात, मग ऑक्सिजन संपतो, किडे मरतात आणि ज्वारी वर्षानुवर्ष टिकते. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग आत कंदील सोडून बघायचा, कंदील विझला तर माणसाचाही जीव जाईल. तुझ्याकडे ऑनलाइन लोखंडाच्या भुकटीच्या त्या छोट्या पुड्या मिळतात, ऑक्सिजन शोषणाऱ्या, त्यांचं आणि पेवाचं तत्त्व एकच. (तुला त्या आता लागणार नाहीत, उगीच पैसे घालू नकोस.)

आणि भीती अजिबात नव्हती असंही नाही गं. १९७२ चा दुष्काळ आजीने ऐन तरुणपणात बघितला. सोलापूर जिल्हा होरपळला होता, लोक खडी फोडायच्या कामावर, तिथे खायला सुकडी मिळायची, आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, तिची भाकरी थापली जायची नाही, कडा चिरायच्या, असं आजी सांगायची. ज्या घराने वर्षानुवर्ष पांढरीशुभ्र मालदांडी खाल्ली त्या घराने तेव्हा मिलोसाठी रांग लावली. तिच्या कोठ्या कधी तळाला गेल्या नाहीत त्याचं कारण मला वाटतं तिथे आहे.

पण त्याच गावात दामाजीपंतांचं देऊळ आहे, तू गेलीयेस. बहामनी काळात मंगळवेढ्याचे अंमलदार, दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांना उघडून दिली, बिदरहून बादशहाचं बोलावणं आलं, आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याचे पैसे भरून आला अशी कथा आहे. कथा कथेच्या जागी, पण मंगळवेढ्याच्या माणसाला लहानपणापासून हेच सांगतात की कोठार भरलेलं असावं आणि वेळ आली तर उघडावं. आजीकडून शेजारची कोणी मापाने आधोली-दोन आधोली ज्वारी घेऊन गेली नाही असा महिना आठवत नाही मला.

आता तुझा मुख्य प्रश्न, पैशाचा. वर्षाचं एकदम भरायला एकरकमी पैसा लागतो आणि तो तेव्हाही सगळ्यांकडे नव्हता. ज्यांच्याकडे नव्हता त्या बायका दोन गोष्टी करायच्या. एक म्हणजे मूठ. रोज स्वयंपाकाला तांदूळ किंवा डाळ काढली की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, रोजच्या जेवणात ती कमी झालेली कळत नाही पण महिन्याच्या शेवटी काही दिवस निघतात. दुसरी म्हणजे भिशी, दहाजणींनी महिन्याला ठराविक रक्कम जमा करायची, जिचा नंबर लागेल ती त्या पैशातून गव्हाचं पोतं आणणार. म्हणजे शेती नसलेली, पगारही तुटपुंजा असलेली घरं सुद्धा हे करत होती, हळूहळू.

तू पण असंच कर. समजा आठवड्याला खाण्यावर ५० डॉलर जातात, तर त्यातले ५ बेगमीचे, बाकी ४५ मध्ये नेहमीचं चालव. त्या ५ डॉलरमध्ये एका वेळी एकच वस्तू घ्यायची आणि ती तू आत्ता खातेस तीच असली पाहिजे. हे फार महत्त्वाचं आहे. सेलमध्ये मिळाला म्हणून क्विनोआ घेऊन ठेवलास आणि तू तो खातच नाहीस तर तो साठा नाही, अडगळ आहे. या आठवड्यात तूरडाळ, पुढच्या आठवड्यात मीठ आणि हळद, मग मूगडाळ, मग पोहे, मग चणे. तांदळाची २० पौंडांची गोणी एकदम महाग वाटत असेल तर रूममेटबरोबर किंवा त्या वरच्या मजल्यावरच्या नागपूरच्या मुलींबरोबर वाटून घे, तीच भिशी झाली. दिवाळीच्या सुमारास इंडियन ग्रोसरीत तांदूळ आणि आटा बऱ्याचदा सेलवर असतो, मोठी खरेदी तेव्हासाठी राखून ठेव.

किती पुरतं ते पण बघ म्हणजे उगीच जास्त घेणार नाहीस. राइस कुकरचा एक कप म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ, तुला एकटीला दिवसाला तेवढा पुरे. २० पौंड म्हणजे ९ किलो, दोन महिने गेले. डाळ दिवसाला ४० ग्रॅम धरली तर ४ पौंडांचं पाकीट दीड महिना. म्हणजे एक गोणी तांदूळ, दोन पाकिटं डाळ, थोडे पोहे-रवा, गूळ, शेंगदाणे, तेल, तिखटमीठ, चिंच किंवा आमसुलं, एवढं असलं की दोन महिने तू उपाशी राहत नाहीस, भाजी मिळाली नाही तरी. आणि हे सगळं तुझ्या दोन फळ्यांवर आणि पलंगाखाली बसतं. डबे विकत घेऊ नकोस. मोठ्या ग्रोसरीच्या बेकरीत जाऊन विचार, आयसिंगच्या रिकाम्या बादल्या बऱ्याच ठिकाणी फुकट किंवा नाममात्र पैशात देतात, गरम पाण्याने धू, पूर्ण कोरड्या कर, मग तांदूळ भर. सॉस आणि लोणच्याच्या काचेच्या बाटल्या डाळींना.

टिकवायचं म्हणशील तर सगळ्यांना एकच नियम लागत नाही. पांढरा तांदूळ आणि डाळी कोरड्या राहिल्या तर वर्ष सहज, पण फार जुनी कडधान्यं शिजत नाहीत, चणे दोन-तीन वर्ष पडले की रात्रभर भिजवूनही कडकच राहतात. ब्राऊन राइस आणि आटा मात्र साठवायच्या वस्तू नाहीत, त्यात तेल असतं, खवट होतात. आट्याची छोटी पिशवी घे आणि फ्रीझरमध्ये ठेव. शेंगदाणे, तीळ, खोबरं पण फ्रीझरमध्ये. रवा आणला की आधी मंद आचेवर भाजायचा, गार करायचा, मग भरायचा, भाजलेल्या रव्यात अळ्या होत नाहीत लवकर आणि सकाळी उपम्याचा अर्धा वेळ वाचतो.

आता किडे. धान्यात अंडी बऱ्याचदा दुकानातूनच येतात, त्यात तुझ्या स्वच्छतेचा प्रश्न नाही. नवीन डाळ, रवा, पोहे आणले की पाकीट बंद असतानाच फ्रीझरमध्ये ४ दिवस ठेव, उणे १८ डिग्रीला अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लगेच उघडायचं नाही, खोलीच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर गार धान्यावर पाणी धरतं, म्हणजे आजीच्या गरम गव्हाची उलटी बाजू. कडुलिंबाचा पाला, तमालपत्र, मिरच्या ठेवल्या तर थोडा उपयोग होतो पण त्यावर विसंबू नकोस. आणि गावाकडे काही घरात तांदळाला बोरिक पावडर लावतात किंवा डब्यात पाऱ्याच्या गोळ्या ठेवतात, ते कोणीही कितीही प्रेमाने सांगितलं तरी करायचं नाही, खाण्याच्या वस्तूत ते दोन्ही नकोत. प्रत्येक डब्यावर पट्टी चिकटवून आणल्याचा महिना लिही, आणि नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे. तुझ्या डब्यांना झडप नाही, त्यामुळे ते तुलाच करायचंय.

एक गोष्ट आजीकडे नव्हती ती तुझ्याकडे आहे, तुझी शेगडी विजेवर चालते. हिमवादळात लाइट गेली की घरात क्विंटलभर तांदूळ असूनही तू उपाशी. म्हणून न शिजवता खाता येईल असं चार दिवसांचं वेगळं ठेव. त्यात माझी पहिली पसंती सातूच्या पिठाला. गहू खमंग भाजायचे, त्यात डाळं घालायचं, थोडी वेलची किंवा सुंठ, सगळं दळायचं, तुझ्या मिक्सरमध्ये थोडं थोडं करून होतं. खायच्या वेळी पाण्यात गूळ विरघळवून त्यात कालवायचं, झालं, पोट भरतं. दुसरं म्हणजे आपली सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, भाकरी अगदी पातळ थापून भाजायची आणि ओव्हनमध्ये कमी आचेवर पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत वाळवायची, कोरड्या डब्यात कितीतरी दिवस राहते. आणि पाणी भरून ठेव, इथे सरकारी सल्ला माणशी दिवसाला एक गॅलनचा आहे.

रूममेटच्या त्या बोलण्यावर अजून थोडं. जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हाचे व्हिडिओ तू बघितले असशील, इंडियन ग्रोसरीत लोक एकेकजण आठ-दहा गोण्या ढकलत नेत होते, काही दुकानांनी माणशी एकच गोणी असा बोर्ड लावला. ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण ज्याला त्या दिवशी खरोखर एका गोणीची गरज होती त्याला ती मिळाली नाही. आपल्या घरी तेव्हा तांदूळ होता, आई त्या आठवड्यात दुकानात गेली सुद्धा नाही. ज्याचं घर नेहमी थोडं भरलेलं असतं त्याला टंचाईच्या दिवशी पळावं लागत नाही, आणि त्याच्या वाटची गोणी दुसऱ्याला राहते. हे तिला तुझ्या शब्दात सांग.

तर आता असं कर, या रविवारी तू आठवडाभरात खरोखर काय काय खाल्लंस ते लिहून मला पाठव, पिझ्झा धरून सगळं. त्यावरून आपण पहिल्या दोन महिन्यांची यादी करू. तिखट आणि गोडा मसाला विकत घेऊ नकोस, काकूने या उन्हाळ्यात कुटलेलं आलंय, थँक्सगिव्हिंगला येताना आणतो, तोवर दोन मोठ्या बरण्या रिकाम्या करून ठेव. आणि तुला सातूचं पीठ गोडच आवडतं की ताकातलं मीठ घालून, तेही कळव, त्यावर गूळ किती घ्यायचा ते ठरेल.

तुझा,
बाबा