पश्चिमेची खिडकी आणि पडद्यांचे दोन जोड

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर नवव्या मजल्यावर राहतो. दिवाणखान्याची मोठी खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे उघडते. गेल्या पावसाळ्यात मखमली पडद्यांना कुबट वास येऊ लागला आणि खालच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके पडले. ऋतूनुसार सजावट बदलावी असे मनात आहे. परंतु कपाटे लहान आहेत आणि खर्चही बेताचाच करायचा आहे. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : सुरुवात त्या खिडकीपासूनच करावी. ठाण्यात साधारण 16 मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो. या दोन दिवसांच्या दरम्यान दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, मात्र पश्चिमेची खिडकी दुपारी तीननंतर कलते ऊन थेट सोफ्यापर्यंत आणते. काचेच्या आतला पडदा हे ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता घरात शिरलेली असते आणि तापलेला पडदाच खोली तापवू लागतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत, काचेच्या बाहेरच्या बाजूस, बांबूची चिक लावावी आणि आत फिक्या रंगाचा सुती पडदा ठेवावा. चिक लावण्यापूर्वी सोसायटीला विचारून घेतलेले बरे.

मृग लागण्याआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, चिक उतरवून कडकडीत उन्हात वाळवावी. पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, त्यामुळे सर्वाधिक सरी तुमच्याच खिडकीवर आदळणार. मखमलीचा मोह सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. ते कापड ओल धरून ठेवते आणि आपल्या दमट हवेत महिनोन्‌महिने सुकत नाही. जून ते सप्टेंबर पातळ, लवकर वाळणारे पॉलिएस्टरमिश्रित पडदे लावावेत आणि ते जमिनीपासून चार बोटे वरच ठेवावेत. सोफाही बाहेरच्या भिंतीपासून तितकाच सरकवावा, म्हणजे मागे हवा खेळती राहील. त्या भिंतीवरील चित्रे आतल्या भिंतीवर हलवावीत. आभाळ भरून आले की दुपारीही खोली उदास दिसते. तेव्हा छतावरच्या पांढऱ्या प्रकाशापेक्षा कोपऱ्यातला पिवळसर दिवा आणि हळदी किंवा लाल रंगाचे अभ्रे घराला जास्त ऊब देतात.

दसऱ्याच्या साफसफाईत सुती जोड पुन्हा बाहेर काढावा. तोच मेअखेरपर्यंत चालतो, म्हणून दोनच जोड पुरतात. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम 47 अंशांवर असतो. घरात दक्षिणेची खिडकी असल्यास वाचनाची खुर्ची तिथे न्यावी आणि सोफ्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी पसरावी. आजीच्या हातचे ते टाके माळ्यावर पडून राहण्यासाठी घातलेले नसतात. परदेशी मासिकांतील पानगळीचे तपकिरी-केशरी रंग ऑक्टोबरच्या उकाड्यात मात्र डोळ्यांना जड वाटतात. त्या दिवसांत झेंडूचे तोरण आणि पणत्या पुरेशा आहेत.

प्रश्न : लोकरीचा गालिचा पावसाळ्यात कसा ठेवावा? – एक वाचक, नेरूळ

उत्तर : मे महिन्यात दोन्ही बाजूंनी ऊन दाखवून, ब्रशने झटकून, घडी न घालता गुंडाळावा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, म्हणून वरून जुनी सुती चादर लपेटावी आणि आत कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला घालावा. बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा थेट फरशीवर ठेवू नये. श्रावणात दोन-तीन दिवसांची उघडीप मिळाली, तर एकदा उलगडून पंख्याखाली ठेवावा आणि कसर लागलेली नाही ना, हे कडेच्या धाग्यांपाशी पाहावे.