वास घेऊन रोप निवडा

प्रश्न : काकू, जूनमध्ये मुलीकडे इंग्लंडला होते. तिच्या गावातल्या हॉलमध्ये जेरेनियमचं प्रदर्शन होतं. वाटलं, लाल-गुलाबी गेंदांच्या कुंड्या बघून पाच मिनिटांत बाहेर पडू. दोन तास झाले तरी निघवेना! चांदणीसारख्या टोकदार पाकळ्यांची फुलं, मिटलेल्या ट्युलिपसारखी फुलं, गुलाबकळ्यांचा झुबका वाटावा अशी फुलं. एका रोपाचं पानच तीन रंगांचं. आणि एका मळकट पिवळ्या-तपकिरी फुलाभोवती ही गर्दी, पण मला तर वासही आला नाही. पाट्यांवर सगळीकडे ‘पेलार्गोनियम’. मग हे जेरेनियम नव्हेच का? आणि यातलं काय माझ्या नेरूळच्या पश्चिमेकडच्या गॅलरीत जगेल? दोन फांद्या ओल्या रुमालात गुंडाळून आणणार होते, मुलीने आणू दिल्या नाहीत.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : मुलगी शहाणी आहे. परदेशातून रोप किंवा फांदी आणायची तर आयात परवाना आणि तिथलं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. रुमालातून फांदीबरोबर कीडही येते, आणि ती नेरूळपुरती थांबत नाही.

आता नाव. 1753 मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडनच्या लिनिअसने या सगळ्यांना ‘जेरेनियम’मध्ये घातलं. 1789 मध्ये फ्रान्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी ‘पेलार्गोनियम’ वेगळं काढलं, तोवर जुनं नाव लोकांच्या तोंडात बसलं होतं. फूल बघून फरक कळतो. खऱ्या जेरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात. पेलार्गोनियममध्ये बहुधा वरच्या दोन वेगळ्या, खालच्या तीन वेगळ्या. नर्सरीत मात्र जेरेनियमच मागा, नाहीतर माळीबुवा तुमच्याकडेच बघत बसतील.

ते मळकट फूल बहुधा पेलार्गोनियम ट्रिस्टे असावं. ट्रिस्टे म्हणजे उदास. रंगावरून बिचाऱ्याला नाव पडलं. मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, 1631 मध्ये जॉन ट्रॅडेस्कंट या इंग्रज माळ्याने पॅरिसहून बी घेऊन ते इंग्लंडात नेलं. आपल्या रातराणीसारखं ते अंधार पडल्यावर दरवळतं. तुम्ही भरदुपारी नाक लावलंत, वास कुठून येणार! तीन रंगांचं पान म्हणजे मधे हिरवं, भोवती तांबूस कडं आणि काठ पिवळा असं असेल, तर ते ‘मिसेस पोलॉक’ किंवा तिच्या गोतावळ्यातलं कुणीतरी. पीटर ग्रीव्ह नावाच्या माळ्याने 1858 च्या सुमारास तयार केलेलं वाण आजही प्रदर्शनात मिरवतंय.

आणि हो, सुवासिक पानांच्या टेबलाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. फुलं चिमुकली असतात म्हणून पुढे गेलात का? पान चुरडलं की एकाला लिंबाचा वास, एकाला पेपरमिंटचा, एकाला गुलाबाचा. तुमच्या गॅलरीचं उत्तर त्याच टेबलावर होतं.

कारण सांगते. मोठ्या झालरदार फुलांचं रीगल जेरेनियम मी एकदा उटीहून आणलं होतं. नौपाड्याच्या गॅलरीत ते दोन वर्षं जगलं, पण कळी म्हणून धरली नाही. मी खत बदललं, कुंडी बदलली, शेवटी बोलणं टाकलं. त्याला कळ्या धरायला थंड रात्री लागतात, आणि ठाण्या-नेरूळच्या रात्री थंडीतही तेवढ्या गार होत नाहीत. पानावर गडद कडं असलेलं साधं झोनल जेरेनियम ऑक्टोबरअखेर आणा, मार्चपर्यंत सुरेख फुलेल. पुढे एप्रिल-मेच्या पश्चिमेच्या उन्हात ते मान टाकतं आणि जुलैत खोड बुंध्यापासून काळं पडून कुजतं. त्याला हंगामी समजून आणलं तर वाईट वाटत नाही.

गुलाबवासाचं जेरेनियम त्या मानाने चिवट. निलगिरीच्या डोंगरात तेलासाठी ते लावतात. गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल ही सुवासिक द्रव्यं असतात, तेच याच्या पानांतही, म्हणून साबण-अत्तरांत याचं तेल चालतं. मातीची कुंडी घ्या, मातीत निम्मी भरड रेती घाला, वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाला आडोसा द्या आणि पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून हलवून खिडकीच्या आत घ्या.

सप्टेंबर सरताना चार बोटं लांबीचे शेंडे पेराखाली छाटून, खालची पानं काढून, सावलीत तीन-चार तास सुकू द्या, मग ओलसर रेतीत खोचा. वर प्लास्टिकची पिशवी घालू नका. जास्वंदीला घालतो तशी मी घातली होती. आठवड्यात सहाच्या सहा कटिंग बुळबुळीत झाली.

प्रश्न : नर्सरीतून ‘डास पळवणारं जेरेनियम’ म्हणून रोप आणलं. डास तसेच आहेत. माझं काही चुकतंय का?
— एक वाचक, कोलशेत

उत्तर : तुमचं नाही, पाटीचं चुकतंय. नुसत्या उभ्या कुंडीला डास भीत नाहीत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं असेल तर ते आधी ओता, डास तिथूनच येत असतील. रोप टाकू नका. साखरेला वास लागावा म्हणून दोन पानं बरणीत आठवडाभर पुरून ठेवतात, तशी ठेवायची मात्र घाई करू नका; नर्सरीतल्या रोपावर फवारे मारलेले असतात. दोन-तीन महिन्यांनी जी नवी पानं येतील ती नुसती बोटांत चुरडून बघा.