पाटीवरचा 'क्लिनिकल' शब्द

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. (समुपदेशन) केलं आहे. नाशिकला गंगापूर रोडवर पाच वर्षं समुपदेशन केंद्र चालवते. पाटीवर आणि लेटरहेडवर 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लिहिलं आहे. नववीतल्या एका मुलाला मी आयक्यू रिपोर्ट दिला. माझी आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी नसल्याने अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तो नाकारला गेला. आता वडिलांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत फी आणि भरपाई द्या, नाहीतर फसवणुकीचा गुन्हा दाखल करू. केंद्र बंद करावं लागेल का?

उत्तर : नाही ताई, केंद्र बंद करू नका. पाटी मात्र आजच उतरवा.

तुमची एम.ए. खरी आहे आणि समुपदेशनाबद्दल कोणाची तक्रारही नाही. अडचण त्या एका शब्दाची आहे. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे पद भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ खाली येतं. मान्य पात्रता, उदाहरणार्थ दोन वर्षांचं एम.फिल., आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव, दोन्ही असल्याशिवाय कलम १३ प्रमाणे या पदावर व्यवसाय करता येत नाही आणि कायद्याने लागणाऱ्या दाखल्यावर सहीही करता येत नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मात्र या कलमाखाली कोर्ट दखल घेतं ते परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरच.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टच्या फोटोत मला जास्त काळजीची गोष्ट दिसली. जांभळ्या शिक्क्याखाली 'नोंदणी क्र.' लिहून पुढे शॉप ॲक्टच्या पावतीचा नंबर टाकला आहे. ती पावती दुकानालाही मिळते, तिचा तुमच्या पात्रतेशी संबंध नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यात सुरुवातीपासूनचा हेतू सिद्ध करावा लागतो आणि समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवेल. म्हणून जुने कागद फाडू नका, मागच्या तारखेने काही बदलू नका.

नोटिशीला मुदतीत, वकिलामार्फत उत्तर द्या. फी 'हक्क अबाधित राखून', म्हणजे चूक कबूल न करता, परत करा, पावती घ्या. भरपाईवर लगेच हो म्हणू नका. मुलाचे वडील दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतात, तेव्हा आज दाखवलेला प्रामाणिकपणा कामी येईल. उत्तरात मुलाने सेशनमध्ये सांगितलेलं अक्षरही नको. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तुमच्या केंद्रात कोणी दाखल राहत नाही, त्यामुळे त्या कायद्यातली आस्थापनेची नोंदणी तुम्हाला लागू नाही.

नवीन पाटीवर 'समुपदेशक, एम.ए. (समुपदेशन मानसशास्त्र)' पुरे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत सायकॉलॉजिस्टचा समावेश आहे, आरसीआयच्या कक्षेतले क्लिनिकल वगळून. या कायद्याखालच्या नोंदणीकडे लक्ष ठेवा. गुणपत्रिका, इंटर्नशिपचे तास, सुपरवायझरची पत्रं एका फायलीत लावून ठेवा.

शेवटी त्या मुलाचं. दहावीच्या सवलती हुकल्या तर नुकसान त्याचं होईल. आरसीआय नोंदणी असलेल्या सायकॉलॉजिस्टची वेळ मिळवून द्या. पालकांची लेखी संमती घेऊन कोणती टेस्ट कोणत्या तारखेला झाली तेही त्या सायकॉलॉजिस्टना कळवा, कारण तीच टेस्ट लगेच पुन्हा घेतली तर सरावाने गुण वाढतात.