वाचक विचारतात : गोष्टीतली अजब कंपनी कशी उभी करायची?

मुलांसाठी साहसकादंबरी लिहू पाहणाऱ्यांचे प्रश्न या पानावर आम्ही घेतो. या वेळची बरीच पत्रं सोलापुरातून आली आहेत आणि जवळपास सगळ्यांची गोष्ट एखाद्या अचाट गिरणीत, कारखान्यात नाहीतर कचेरीत घडते. गिरण्यांच्या शहरात दुसरं काय सुचणार!

प्रश्न : माझ्या कादंबरीत उन्हाळ्यात शहराला सावली विणून पुरवणारी एक गिरणी आहे. पहिली तीन प्रकरणं झकास जमली, पुढे गोष्ट ढेपाळली. दर प्रकरणात नवं यंत्र आणतो, तरी मुलं जांभया देतात. काय करू? (विजापूर रस्ता)

यंत्रं आणणं थांबवा. सावली विणता येते, ही एक थाप वाचक पहिल्या पानावर खुशीने मान्य करतो. त्यानंतर त्याला दुसरी थाप नको असते. पहिली थाप खरी असती तर काय काय झालं असतं, ते त्याला पाहायचं असतं. म्हणून जादू एकच ठेवा आणि बाकीचा कारभार खऱ्या गिरणीचा करा. कच्चा माल कुठून येतो, त्याचा भाव कशावर ठरतो, तयार माल कोण घेतं, पैसे कधी सुटतात आणि शेवटी टाकाऊ काय उरतं, हे एका कागदावर लिहून काढा. तुमच्या गोष्टीत यातलं काहीच ठरलेलं दिसत नाही.

कच्चा माल म्हणजे खांबांच्या आणि झाडांच्या सावल्या, असं धरू. मग भाव सूर्य ठरवणार. सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर असताना १० फुटी खांबाची सावली सुमारे १७ फूट पडते, ४५ अंशांवर १० फूट आणि ६० अंशांवर पावणेसहा फूट. म्हणजे खरेदी खात्याची माणसं पहाटे कामाला लागणार आणि अकराला हात हलवत परतणार. सोलापूर साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली बुडाशीच गडप होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. मागणी सगळ्यात जास्त मे महिन्यात आणि नेमका तेव्हाच माल नाही! तुमच्या कादंबरीचा कळसाचा प्रसंग इथे आयता पडलेला आहे. त्या दुपारी झाडाखाली सावली राहतेच, कारण फांद्या पसरलेल्या असतात. म्हणून वडाचा भाव कडाडेल आणि विजेच्या खांबाला कुणी विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट वापरता येईल. या दोन तारखांच्या मधल्या काळात आपल्याकडे दुपारची सावली दक्षिणेला पडते, एरवी ती उत्तरेला असते. त्या काळातला माल मागावर नेहमीच्या बाजूने चढवला तर काय विणलं जाईल? इथे उत्तर तुम्ही द्यायचं, पण एकदा दिलं की शेवटपर्यंत पाळायचं.

टाकाऊ मालाकडे तर आवर्जून लक्ष द्या. कापलेल्या सावलीच्या चिंध्या गोदामात साठत गेल्या तर तिथे भरदिवसा कंदील लागेल. कादंबरीचा उत्तरार्ध बहुधा त्या गोदामातच आहे. चौथ्या प्रकरणापासून नवं काही आणू नका, आधीचंच बिघडू द्या.

प्रश्न : चादरीच्या नक्षीत गुप्त निरोप विणलेला दाखवायचा आहे. तो जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, खरंच विणता येईल का? आणि मुलांना तो कसा सापडावा? (अशोक चौक)

येईल. कार्डाच्या जकार्डवर प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड असतं. जिथे भोक, तिथला आकडा (हूक) उचलला जातो आणि त्याला बांधलेला उभा धागा वर येतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. ही सगळी कार्डं दोरीने ओवून त्यांची माळ केलेली असते. माळेची एक फेरी झाली की नक्षी पहिल्यापासून सुरू होते. इंचाला ४० आडवे धागे आणि १२ इंच उंचीची नक्षी धरली तर ४८० कार्डं लागतात. एवढी थप्पी पोराला शर्टात लपवून पळवता येणार नाही, हे ध्यानात ठेवा. एखाददुसरं कार्ड मात्र सहज पळवता येतं.

निरोप आधी आलेख कागदावर काढा. उभा रकाना म्हणजे ताणा, आडवी ओळ म्हणजे बाणा आणि रंगवलेला चौकोन म्हणजे भोक. कागदावरचं अक्षर आणि कापडावरचं अक्षर यांची उंची-रुंदी जुळत नाही, कारण इंचातले उभे आणि आडवे धागे सहसा सारखे नसतात. देवनागरी अक्षराला निदान १२ चौकोनांची उंची हवी. शिरोरेखा सोपी जाते, 'ठ', 'छ' यांच्या गोलाईला पायऱ्या पडतात. अनुस्वाराला एकच चौकोन दिला तर तो सुताच्या गाठीसारखा दिसतो. मग 'गंज मोजा' हा निरोप 'गज मोजा' असा वाचला जाऊन मुलं कापड मोजत बसतील, आणि हा घोटाळा तुम्हाला मुद्दामही घालता येईल. दुहेरी विणीच्या चादरीत मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होते आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसतात, तेव्हा निरोप कुठल्या बाजूने वाचायचा ते आधी ठरवा.

शोध लागतो तो दोषांच्या रीतीवरून. उभा धागा तुटला तर लांबच्या लांब उभी रेघ पडते. आडवा धागा चुकला तर एकाच ठिकाणी आडवी खोट दिसते. पण कार्ड बदललं, फाटलं किंवा मुद्दाम जास्तीचं भोक पाडलं, तर तीच खोट नक्षीच्या प्रत्येक फेरीत त्याच जागी येते. ९० इंची चादरीत १२ इंचांची नक्षी असेल तर ती सात-आठ वेळा दिसेल. फूटपट्टी घेऊन दोन खोटांमधलं अंतर मोजणारी मुलगी हे कुणाही मोठ्याच्या मदतीशिवाय ओळखेल. एक खबरदारी घ्या. आजच्या बऱ्याच कारखान्यांत जकार्ड इलेक्ट्रॉनिक आहे आणि कार्डांच्या जागी संगणकातली फाइल असते. तुमची गोष्ट कुठल्या काळातली, हे पहिल्या दोन पानांत कळू द्या.

प्रश्न : नायक ११ वर्षांचा आहे. त्याला कंपनीत नोकरी देऊ का? (साखर पेठ)

देऊ नका. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच उद्योगात कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर वा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत आणि बालकलाकार, एवढेच अपवाद आहेत. शिकाऊ उमेदवारालाही १४ पूर्ण असावी लागतात. कंपनी काल्पनिक असली तरी वाचक खरा आहे, आणि घरोघरी माग नि विड्यांची सुपं असलेल्या शहरात हा विषय हलका नाही. शिवाय पगारी नायकाला मुकादम सांगेल तेच करावं लागतं, साहस करायला त्याला सवड कुठली! त्यापेक्षा त्याच्या आत असण्याला दुसरं कारण द्या. बाबांचा डबा पोचवायला आलेला मुलगा, चुकीच्या नावाचा गेटपास, गठ्ठ्यांच्या टेम्पोत लागलेली झोप, काहीही चालेल. पास संध्याकाळपर्यंतचाच असेल तर घड्याळही आपोआप सुरू होतं.

प्रश्न : माझा खलनायक म्हणजे काळा चष्मा घातलेला चेअरमन. मुलगी म्हणते, "बाबा, हा सगळ्याच गोष्टींत असतो." (होटगी रस्ता)

मुलीचं ऐका. कंपनीच्या गोष्टीत खरा अडथळा नियमांचा असतो. चिठ्ठीशिवाय सुईसुद्धा न देणारा स्टोअरकीपर दुष्ट नसतो, तो आपलं काम चोख करत असतो. त्याला चुकवणं म्हणूनच अवघड आणि गमतीचं होतं. पाळी बदलण्याची वेळही हाताशी ठेवा. भोंगा झाल्यावर काही मिनिटं दोन्ही पाळ्यांची माणसं एकाच दारात असतात आणि कोण कुठल्या पाळीचं हे कुणाला कळत नाही. पाठलाग तिथे घडवा.

लबाडी दाखवायचीच असेल तर ती वहीत दाखवा. व्यवहार आधी रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, लिहिला जातो, तिथून खतावणीत, म्हणजे खात्यांच्या वहीत, जातो, आणि सगळ्या खात्यांच्या बाकीची तेरीज, म्हणजे एकत्र यादी, मांडली की जमा-नावे जुळावे लागतात. समजा, नावेकडे ३७२ रुपये लिहिले आणि जमेकडे उतरवताना ते ३२७ झाले. फरक ४५, आणि ४५ ला ९ ने भाग जातो. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नेहमीच ९ ने भाग जातो. पाचवीच्या मुलाला हे करून पाहता येतं आणि ते खरं निघतं, म्हणून त्याला फार आवडतं. उलट बाजूने मात्र हा नियम लागू नाही. फरकाला ९ ने भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली, असं नसतं. ते फक्त संशयाचं कारण.

हुशार चोर अर्थातच दोन्हीकडे एकच खोटा आकडा लिहील. मग तेरीज बिनबोभाट जुळते आणि वही काहीच सांगत नाही. तेव्हा गोदामात जाऊन गठ्ठे मोजण्यावाचून इलाज नसतो. तुमच्या मुलांना अंधाऱ्या गोदामात पाठवायला याहून चांगलं कारण मिळणार नाही.

प्रश्न : किती पानं लिहू? (जुळे सोलापूर)

९ ते १२ वयासाठी २० ते २२ हजार शब्द पुरेत. प्रकरण ११०० ते १३०० शब्दांचं ठेवा, म्हणजे झोपण्याआधी एक वाचून होतं. डेमी आकारात, १४ पॉइंट अक्षरात पानावर साधारण २०० ते २२५ शब्द बसतात. चित्रं आणि सुरुवातीची पानं धरून पुस्तक ११२ किंवा १२८ पानांत बसवा. छपाई १६ पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या संचात, होते, त्यामुळे ११५ पानं झाली तर एकतर तीन पानं कापा नाहीतर कोरी पानं राहतील.

प्रश्न : आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी सगळं एकत्र बोलतात. कादंबरीत हे आणू का? (भवानी पेठ)

नक्की आणा, पण फक्त संवादांत. निवेदन साधं मराठी राहू द्या. एका वाक्यात परका शब्द एकच ठेवा आणि त्याचा अर्थ कृतीतून कळू द्या, तळटीप नको. मागावरचा माणूस तेलुगू आणि साहेब शुद्ध मराठी बोलतो, अशी वाटणी मात्र टाळा. कुणाची भाषा केवळ हसण्यासाठी वापरली तर त्या घरातलं मूल पुस्तक तिथेच मिटेल. "काय बे" एका पात्राच्या तोंडी शोभतं, सगळ्यांच्याच तोंडी घातलं की नाटकी वाटतं.

प्रश्न : मी सहावीत आहे. माझी कंपनी हरवलेले आवाज शोधून देते. आधी नकाशा काढू की गोष्ट लिहू? (बाळीवेस)

आधी नकाशा काढ. चौकटीच्या वहीचं पान घे आणि एक चौकोन म्हणजे पाच पावलं धर. फाटकापासून सुरुवात करून हरवलेला आवाज ज्या क्रमाने पुढे जाईल, त्याच क्रमाने खोल्या मांड : आवक, तपासणी, दुरुस्ती, कोठार, जावक. खोल्या एका रांगेत नको, गोल फिरून फाटकाशी परत येईल अशी वाट ठेव, नाहीतर पाठलागात तुझी पात्रं भिंतीवर आपटतील. एक जिना काढ आणि एक बंद दार. कोण कुठे बसतं ते पेन्सिलीने लिही, कारण ते बदलणार आहे. खोलीतून खोलीत जायला किती पावलं लागतात ते मोजून ठेव, म्हणजे तिसऱ्या प्रकरणात दोन मिनिटं लागलेल्या वाटेला नवव्यात अर्धा तास लागणार नाही. दाराची किल्ली कुणाकडे असते आणि तो जेवायला किती वाजता जातो, हे नकाशाच्या मागे लिही. मग पहिलं वाक्य लिहायला बस.