कोडिंग शिका, पण कृषी केंद्र इतक्यात सोडू नका

भाऊ, तुमचं थोडक्यात असं दिसतं: वय २८, बी.ए. झालेलं, दारव्हा तालुक्यात कृषी केंद्रावर नोकरी, जवळ ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप. आणि पुण्यातला एक कोडिंगचा क्लास नोकरीची हमी देतो म्हणून एकरभर वावर विकावं का, असं घरी चाललंय.

वावर विकू नका. हमीचा कागद नीट वाचून पाहा, त्यात बहुधा मुलाखती लावून देण्याचीच भाषा सापडेल. क्लासात जे शिकवतात ते जवळपास सगळं फुकट मिळतं. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कोर्स आहे, फ्रीकोडकॅम्प ही शिकवणारी साइट आहे, वेबसाइट बनवण्याच्या माहितीसाठी मोझिलाचं एमडीएन आहे. सीएस५० चांगलाच, पण त्याचे सुरुवातीचे आठवडे सी भाषेत जातात आणि तिथेच बरेच जण गळतात. तुम्ही पायथन या सोप्या भाषेपासून सुरू करा, सीएस५० नंतर बघा.

मी स्वतः जिनिंगच्या वजनकाट्यावरून या कामात आलो, आता नागपुरात एका छोट्या कंपनीत कोड लिहितो. तिथे मला घेतलं ते काट्याच्या हिशोबामुळे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा किती, कपात किती, चुकारा कधी, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्याकडे कृषी केंद्राचं असंच ज्ञान आहे आणि तुम्ही ते मोजतच नाही आहात, म्हणून त्याबद्दल जरा लांबण लावतो.

पहिला प्रोग्राम उधारीच्या वहीचा करा. सोपा वाटतो, पण करायला बसा म्हणजे कळेल. एकाच गावात एकाच नावाची तीन माणसं निघतात, मग नावावर खातं कसं ओळखणार? प्रत्येक खात्याला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. डेटाबेस म्हणजे कॉम्प्युटरमधला माहितीचा साठा, आणि ते काम करणारे या क्रमांकालाच प्रायमरी की म्हणतात. मृगाच्या तोंडावर बियाणं उधार गेलं, कापूस निघाल्यावर थोडे पैसे आले, तूर विकल्यावर बाकीचे. म्हणजे बिल एक आणि जमा अनेक, तर जमेचा टेबल, म्हणजे तक्ता, वेगळा हवा. एकाच कीटकनाशकाच्या दोन बॅच आल्या, दोघींची मुदत वेगळी, तर साठा मालाच्या नावावर धरून चालत नाही, बॅचवर धरावा लागतो. मुदत संपलेलं औषध विकलं गेलं तर परवान्यावर येतं, हे तुम्हाला मी काय सांगू. नुसता कोर्स केलेल्या पोराला हा बॅचचा मुद्दा सुचायला वेळ लागतो, तुम्हाला तो रोज दुकानात दिसतो.

पैशाची एक खोच आत्ताच सांगतो. पायथनमध्ये ०.१ + ०.२ करून पाहा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. भाषेत काही बिघाड नाही, कॉम्प्युटर दशांश बायनरीत ठेवतो म्हणून तसं होतं. त्यामुळे युरियाच्या गोणीचे २६६.५० रुपये तसेच न ठेवता २६६५० पैसे म्हणून पूर्णांकात साठवा, रुपये फक्त बिलावर दाखवा.

डेटाबेस एसक्यूलाइट घ्या. सर्व्हर लागत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये राहतो. पायथनची अधिकृत कागदपत्रं डाउनलोड करून ठेवा, रेंज गेली तरी काम अडत नाही. लॅपटॉपमध्ये जुनी हार्डडिस्क असेल तर ती काढून एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा आणि विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाका. सध्या खर्च करायचा तर एवढाच.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका, पण टाळूही नका. एरर आली की आधी शेवटची ओळ वाचायची. पायथन मुख्य तक्रार तिथेच लिहितो. एआयला विचारायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिहून, अडल्यावर. त्याने दिलेली ओळ काहून चालते ते सांगता येत नसेल, तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडाल.

जून-जुलैत दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा अभ्यासाचं वेळापत्रक मांडूच नका. तूर निघाल्यापासून मे अर्धा होईपर्यंतचा काळ तुमचा.

नोकरीचं खरं सांगायचं तर मोठ्या कंपन्यांची फ्रेशर भरती मुख्यतः कॉलेजातून होते, पदवी आणि टक्क्यांची चाळणी लावून. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या मोठ्या नावांच्या मागे सुरुवातीलाच लागू नका. कृषी केंद्रं, पतसंस्था, दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या छोट्या कंपन्या नागपूर-अमरावतीत शोधा. तिथे सुरुवातीचा पगार फार नसतो. एक वर्षात होईल असं मी म्हणणार नाही. मालक तयार असेल तर तुमचा प्रोग्राम आधी वहीच्या जोडीने एक अख्खा हंगाम चालवून पाहा. वही आणि प्रोग्राम यांचा हिशोब जिथे जुळणार नाही, तिथलं कारण लिहून ठेवत जा. मुलाखतीत हेच सांगायचं असतं.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या आणि दाखवायच्या साइटवर, कोड टाकताना मात्र दुकानाची खरी डेटाबेस फाइल त्यात जाऊ देऊ नका. शेतकऱ्यांची नावं, मोबाइल, आधार आणि कोणाकडे किती थकलंय हे सगळं त्यात असतं. खोटी नावं भरून वेगळी फाइल बनवा, खरी फाइल पहिल्या दिवसापासून गिटइग्नोरमध्ये, म्हणजे वगळायच्या फाइलींच्या यादीत, टाका. एकदा कमिट झालेली, म्हणजे गिटच्या नोंदीत गेलेली, फाइल नंतर डिलीट केली तरी जुन्या इतिहासात शिल्लक राहते.